छबुबाईची रविवारची शाळा

दसरा झाला, सोयाबीन निघालं, की गावात बोलायला एकच विषय उरतो. कुणाची गाडी कधी, कोणत्या कारखान्याला, तिथं पाणी जवळ का लांब. त्या वर्षी भारत पाटोळेचा कोयता लखन मुकादमाच्या टोळीत ठरला. भारत आणि त्याची बायको मोहिनी, दोघं मिळून एक कोयता. दिवाळीनंतरच्या बुधवारी गाडी येणार होती. त्यांच्याबरोबर नऊ महिन्यांची रूथा जाणार होती, आणि रूथाला उसाच्या फडात सांभाळायला म्हणून पाचवीतली थोरली, स्वप्नाली. मागच्या दोन हंगामांतही ती गेली होती, कोपी म्हणजे मुक्कामाची झोपडी राखायला. परत यायची तेव्हा शाळेत परीक्षा संपत आलेली असायची.

भारतची माय छबुबाई मात्र मागं राहायची. वीस वर्षं ऊस तोडून तिची कंबर गेली होती. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना एकदा ती पडली, ते तेव्हापासून उजवा पाय जरा ओढतच चालायची. सहा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला लागलं तेव्हा तिनं ठरवलं, आता पुन्हा फडाचं तोंड बघायचं नाही.

शाळेतली चूल पाचवीच्या वर्गाच्या भिंतीला लागून होती. वर खिडकी. तांदूळ शिजेपर्यंत छबुबाई खिडकीखाली उकिडवी बसायची आणि आत काय चाललंय ते ऐकायची. ती स्वतः शाळेत एक दिवस गेली नव्हती. तिशीत, पाळकांच्या बायकोनं तिला बायबल पुढ्यात ठेवून अक्षर अक्षर शिकवलं होतं. तिचं पहिलं पुस्तक तेच आणि दुसरं कुठलं तिच्याकडं नव्हतं. शेवग्याखालच्या पत्र्याच्या खोलीत वस्तीची उपासना भरायची. पाळक बीडहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी छबुबाई वस्तीतली आठ-नऊ पोरं जमवून बसायची. सगळे त्याला रविवारची शाळा म्हणायचे.

पूर्वीच्या गुरुजींनी एकदा तिला खिडकीशी बघितलं होतं. आत एका पोराला नदीचं नाव सांगता येईना म्हणून तिच्या तोंडून ते निघून गेलं होतं. गुरुजी बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, खाली लागंल खिचडी. तिकडं बघा." वर्गातली पोरं हसली. स्वप्नालीही त्यात होती; तेव्हा ती पहिलीत होती, पण त्या दिवशी सगळे वर्ग एकत्र बसवले होते. त्या दिवसापासून छबुबाई ऐकायची, पण तोंड उघडत नव्हती.

आता केजकडचे सोमेश्वर सर आले होते. तरुण होते, आवाज मऊ होता. त्या आठवड्यात ते क्षेत्रफळ शिकवत होते. फळ्यावर चौकोन काढायचे, लांबी गुणिले रुंदी म्हणायचे, पोरं मागून म्हणायची. मग सर विचारायचे, म्हणजे काय? वर्ग गप्प. सलग तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी सरांनी खडू ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. छबुबाईनं भाताचं झाकण उघडलं, मीठ टाकलं. सरांचं ते गप्प बसणं तिच्या मनातून दिवसभर गेलं नाही.

रविवारी तिनं पोरांना नोहाच्या तारवाची गोष्ट काढली. गोष्ट त्यांना पाठ होती. तिनं विचारलं, "तारू किती लांब व्हतं?"

"तीनशे हात," स्वप्नाली म्हणाली. "रुंदी पन्नास. उंची तीस."

"म्हंजी केवढं?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं दोन्ही हात पसरले.

"चला बाहीर," छबुबाई म्हणाली.

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तिनं आपल्या हातानं सुतळीवर पन्नास हात मोजून गाठ मारली. स्वप्नालीनं दुसऱ्या सुतळीवर आपल्या हातानं पन्नास मोजले. दोन्ही सुतळ्या शेजारी ठेवल्या तर स्वप्नालीची चांगली चार-पाच पावलं कमी भरली.

"आजी, मंग नोहाचा हात कुणाएवढा व्हता?"

"ते लिव्हलेलं न्हाई."

"मंग सुतारांनी कसं मोजलं आसंल? एकाचा हात बारका, एकाचा लांब. फळ्या जुळायच्या न्हाईत." स्वप्नालीनं दोन्ही सुतळ्या पुन्हा शेजारी धरल्या. मग म्हणाली, "म्हून मीटर काढला व्हय."

छबुबाईला ते माहीत नव्हतं. पण पोरीच्या तोंडाकडं ती बघत राहिली.

मग सुतळी सहा वेळा पुढं पुढं टाकत पोरं निघाली. पत्र्याची खोली संपली, गायरान संपलं, तारू अजून संपत नव्हतं. शेवटच्या दोन सुतळ्या आप्पारावांच्या रानात गेल्या. सोयाबीन काढून रान मोकळं होतं. चार कोपऱ्यांना पोरांनी तुराटीचे खुंट ठोकले. बारकी पोरं आतून पळत सुटली, हत्ती कुठं, उंट कुठं, ओरडत. स्वप्नाली एका कडेला बसून मातीत गुणाकार करत होती. तीनशे गुणिले पन्नास. एक हात लांब, एक हात रुंद असे पंधरा हजार चौकोन. तिनं ते दोनदा केलं आणि वर बघितलं. "आजी, क्षेत्रफळ म्हंजी हे आतलं. पोरं पळाय लागलीत ते."

तेवढ्यात आप्पारावांची मोटारसायकल बांधावर थांबली. गावचे ते मोठे शेतकरी, शाळेच्या समितीचेही अध्यक्ष. वस्तीतल्या लोकांनी गायरानाचा तुकडा नावावर मागितल्यापासून त्या बाजूला दोरी दिसली की ते अस्वस्थ व्हायचे.

"काय गं छबू, कशाची मोजणी हाय?"

"मोजणी न्हाई, आप्पा. पोरांना तारू दाखवायलेय. पवित्र शास्त्रातलं."

"माझ्या रानात तारू?" त्यांनी पायानं एक खुंट उपटला. मग दुसरा. "आज तारू म्हणताल, उद्या सातबारा दाखवताल. आन् शाळेत खिचडी करती ना तू? तेवढंच कर. पोरांना धर्म शिकवायला तुला कुणी ठिवलं न्हाई."

"शाळेत न्हाई शिकवीत मी. आज आइतवार हाय."

आप्पारावांनी सुतळी गुंडाळली आणि पिशवीत घातली. पोरं छबुबाईच्या मागं गोळा झाली होती. ती खाली वाकून उपटलेले खुंट उचलायला लागली, पोरांना आपला चेहरा दिसू नये म्हणून जरा जास्तच वेळ वाकून राहिली. कंबरेतून कळ आली तरी.

सोमवारी सरांनी तिला वर्गाच्या दारात बोलावलं. आप्पारावांचा फोन येऊन गेला होता. छबुबाईनं हात पदराला पुसले आणि झालं ते सांगितलं. सर ऐकत होते. मग त्यांनी स्वप्नालीला फळ्यापाशी बोलावलं आणि एका वावराची लांबी-रुंदी देऊन क्षेत्रफळ विचारलं. तिनं सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे काय?"

"म्हंजी त्याच्यात एक मीटरचे किती चौकोन बसतेत ते. कडंची लांबी येगळी."

मग त्यांनी तिला मराठीचं पुस्तक दिलं, जो धडा अजून झाला नव्हता तो वाचायला लावला. पोरगी अडखळली नाही. दोन वर्षं अर्धी अर्धी शाळा बुडालेली पोर, आणि विरामाला थांबत होती, प्रश्नाला आवाज चढवत होती. छबुबाईच्या लेखी त्यात विशेष नव्हतं. बायबलातली लांब वाक्यं मोठ्यानं वाचताना श्वास कुठं घ्यायचा हे तिनं सगळ्याच पोरांना शिकवलं होतं. अवघड नावं फोडून कशी म्हणायची, हेही.

दुपारी पोरं जेवत असताना सर चुलीपाशी आले. "छबुबाई, तुम्ही अजून काय काय शिकवता?"

ती लाजली. "काय न्हाई, सर. यरीहोची गोष्ट आली का नकाशा काढतो मातीत. वर यरुशलेम, खाली मीठ-समुद्र. पेरणाऱ्याचा दाखला आला तवा डब्यांत हरभरा पेरला व्हता, एकात मुरूम, एकात काळी माती. कावून उगवलं न्हाई ते बघितलं. तुमचं आतून ऐकू येतं, त्याला जोड देती."

सर चुलीपुढं उकिडवे बसले. मग म्हणाले, "जानेवारीत नवोदयची परीक्षा आहे. निवडलेल्या पोरांना तिथंच फुकट राहायचं, जेवायचं, बारावीपर्यंत शिकायचं. स्वप्नालीचा फॉर्म मी भरला आहे. भारतच्या सह्या घेतल्या तेव्हा त्याला वाटलं सगळ्यांचेच भरतात. पण ही बसू शकते, छबुबाई. फक्त तिला फडात पाठवू नका."

संध्याकाळी भाकरी थापताना छबुबाईनं हे घरात सांगितलं. भारत कोयत्याला धार लावत होता. मोहिनी रूथाला पाजत होती.

"ठिवली आसती, माय," भारत म्हणाला. "तुझ्यापाशी ठिवायला काय झालंतं? पर तान्हीला कोण बघंल? पाचटात सोडून दिऊ? मागल्या साली त्या टोळीत काय झालं ते तुला म्हाईत हाय."

ते सगळ्यांना माहीत होतं. फडाच्या कडेला झोपवलेलं लेकरू ट्रॅक्टर मागं घेताना गेलं होतं.

"आन् मी म्हणते, एवढं शिकून काय व्हतंय?" मोहिनी म्हणाली. "मला कुणी वाचाया बसवलं व्हतं? माझं आडलं का? बारा वर्षाची झाली का तिला बी कोयताच."

स्वप्नाली कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तिनं ताटलीतली भाकरी चारदा मोडली आणि खाल्ली नाही.

भारत धारेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "मंग तू ये, माय. तू तान्हीला धर. पोरगी ऱ्हाती."

तो काही मनापासून बोलला नव्हता. माय येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. छबुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. त्या रात्री तिनं जेवायच्या आधीची प्रार्थना नेहमीपेक्षा हळू म्हटली, एवढंच.

दोन दिवस तिनं विषय काढला नाही. शाळेत ती नेहमीसारखी खिडकीखाली बसली. आत सर पृथ्वी फिरते ते शिकवत होते. एक पोर चेंडू होऊन गरागरा फिरत होतं, वर्ग हसत होता. छबुबाईनं भिंतीला डोकं टेकलं. या खिडकीपायी ती दरवर्षी मे महिना कसाबसा काढायची. सुट्टी लागली की तिला दिवस मोठा वाटायचा.

तिसऱ्या दिवशी ती सुंदरबाईच्या घरी गेली. सुंदरबाई मराठ्याची, विधवा, एकटी राहायची. सहा वर्षांपूर्वी खिचडीच्या कामाला तिचाही अर्ज होता. तो लागला नाही तेव्हापासून दोघींत बोलणं बेतापुरतंच होतं.

"सुंदरबाई, चूल तू घे," छबुबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली. "मी सरांना सांगते. पर माझी नात पाच म्हैने तुझ्यापाशी ऱ्हाईल."

सुंदरबाई सूप पाखडायची थांबली. "आन् तू?"

"मी फडात."

"तुझ्या कंबरंनं?"

"तोडायचं न्हाई. लेकरू धरायचं."

सुंदरबाईनं सूप खाली ठेवलं. "ते तुझं पुस्तक घिऊन येईल का ती?"

"येईल. ते तिच्याजवळच ठिवणार हाय मी."

"माझ्या देवापुढं मोठ्यानं वाचायचं न्हाई, सांगून ठिवते."

"न्हाई वाचणार."

"ये आत. च्या टाकते," सुंदरबाई म्हणाली. छबुबाई त्या घरात पहिल्यांदा आत गेली.

सरांनी तिला समजावलं. समितीनं एकदा दुसरीचं नाव लावलं की परत मिळणार नाही, आप्पाराव तर वाटच बघत आहेत. छबुबाई म्हणाली, "म्हाईत हाय, सर." तिनं भांडी मोजून दिली, मोठं उलथणं घासून ठेवलं आणि शेवटच्या दिवशी खिचडीला जरा जास्त तेलात फोडणी दिली.

बुधवारी पहाटे गाडी निघाली. स्वप्नाली सुंदरबाईच्या अंगणात उभी होती, छातीशी बायबल धरून. मोहिनीनं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिच्याकडं बघितलं आणि लगेच पदर तोंडावर घेतला. छबुबाईच्या मांडीवर रूथा झोपली होती.

कोल्हापूरच्या बाजूचा नदीकाठचा मुलूख. नजर जाईल तिथवर ऊस. टोळीनं कालव्याच्या कडेला कोप्या उभ्या केल्या. पहाटे चारला उठायचं, थंडीत बोटं वळत नसताना चूल पेटवायची, भाकरी फडक्यात बांधायची आणि फडात जायचं. भारत बुडातून ऊस कापत पुढं सरकायचा, मोहिनी मागून वाढं, उसाचा हिरवा शेंडा, कापायची, मोळ्या बांधायची. छबुबाई बाभळीला लुगड्याची झोळी बांधून रूथाला घालायची. पोरगी रांगायला लागली होती. ती जागी असली की दिवसभर तिच्या मागं वाकून फिरायचं. दुपारपर्यंत कंबर दगड व्हायची. उसाच्या पात्यानं रूथाच्या गालावर एकदा चरा उमटला. मोहिनी धावत आली, लेकराला उचललं, सासूकडं बघितलं आणि परत मोळ्या बांधायला गेली.

अकराच्या सुमाराला छबुबाईला करमेनासं व्हायचं. त्या वेळी शाळेत मधली सुट्टी जवळ आलेली असायची. आज सर काय शिकवत असतील, असं तिच्या मनात यायचं आणि पुढं कळायला काही वाट नसायची. टोळीतली चार पोरं तिच्याभोवती जमायची. तिच्याकडं पुस्तक नव्हतं. ती आठवून गोष्टी सांगायची. मधेच एखादं नाव हुकायचं, मग ती जिभेवर घोळवत बसायची. सापडलं नाही की तिला पुस्तकाची आठवण यायची आणि पुस्तकापेक्षा ते वाचणाऱ्या आवाजाची.

तो आवाज रविवारी दुपारी फोनवर यायचा. सुंदरबाईच्या बटणाच्या फोनवरून स्वप्नाली बोलायची. छबुबाई हुकलेली नावं विचारायची, ती पान काढून वाचायची. मग आठवड्याचं सांगायची. "आजी, रविवारची शाळा मी घेते आता. सात पोरं येतात. आपण काळ्या कापडावर राजांच्या नावाची ओळ लावली, कोण आधी, कोण नंतर. सर म्हणले, याला कालरेषा म्हणतात." ती सरांसारखी बोलायला लागली होती. आपण, म्हणतात, आधी, नंतर. छबुबाईला बरं वाटायचं आणि मग फोन बंद झाल्यावर उगीच एकटं वाटायचं.

एका रविवारी फोन ठेवल्यावर मोहिनी म्हणाली, "तुमच्यासंग बोलाया तिच्याकडं लई हाय, आत्याबाई." ती काट्यानं बोटातलं कुसळ काढत होती. "माझ्यासंग एवढंच. आई, जेवलीस का. मी म्हणते, जेवले. झालं."

"तू बी ईचार तिला काय तरी."

"काय ईचारू? मला त्यातलं काय कळतं?"

पुढच्या रविवारी छबुबाईनं फोन आधी मोहिनीच्या हातात दिला. मोहिनीनं तो कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "सुंदरबाई डोक्याला तेल लावती का?" मग ती फोन घेऊन उसाच्या कडेनं लांब गेली. काय बोलली ते छबुबाईला ऐकू आलं नाही.

जानेवारीतल्या त्या शनिवारी परीक्षा होती. सोमेश्वर सर पोरीला गाडीवरून केंद्रावर नेणार होते. फडात काम थांबत नाही. भारत त्या दिवशी कापत होता तो नुसता कापत होता, लखन मुकादमानं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही. छबुबाईनं रूथाला मांडीवर घेऊन डोळे मिटले. मोहिनीनं मोळी बांधता बांधता विचारलं, "सुरू झाला आसंल का पेपर?" थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

संध्याकाळी फोन आला. "आजी, उतारा मातीवर होता. कोणत्या मातीत पाणी टिकतं, मुळं कुठं जातात. मला आपले हरभऱ्याचे डबे आठवले. सगळे प्रश्न आले. गणितात एक क्षेत्रफळ होतं, एक परिमिती. दोन गणितं राहिली. वेळ संपला."

"ऱ्हाऊ दे. तू बसलीस ना?"

"बसले."

एप्रिलच्या सुरुवातीला कारखाना बंद झाला. गावात गाडी शिरली तेव्हा सोमेश्वर सर वस्तीच्या तोंडाशीच भेटले. त्यांच्या मोबाईलवर यादी होती. बोट सरकवत त्यांनी नाव दाखवलं. भारतनं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. स्वप्नाली सुंदरबाईच्या घरातून पळत आली. ती चार बोटं उंच झाली होती. तिनं रूथाला घेतलं, आजीला धरलं. आईपाशी जाऊन मात्र ती थांबली. मोहिनीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. केसांना तेल होतं.

खिचडीचं काम सुंदरबाईकडंच राहिलं. समितीच्या बैठकीत आप्पाराव म्हणाले, चांगलं चाललंय तर कशाला बदलायचं. छबुबाई खुरपायला जाऊ लागली. वाट्याला आलेल्या ओळीत, पातीत, ती बायकांच्या मागं पडायची. मग पुढच्या बायका आपली पात संपवून तिच्या पातीत यायच्या, आणि तेच तिला जास्त लागायचं. जुलैमध्ये भारत आणि सर स्वप्नालीला वसतिगृहात सोडून आले. पोरीनं बायबल नेलं. छबुबाईनंच पेटीत घातलं. पाळकांनी तिला दुसरं आणून दिलं, बारीक टायपाचं. डोळ्यांना ते झेपत नव्हतं. रविवारी पाच पोरं यायची, कधी चार. ती शिकवायची, पण प्रश्न विचारून तिला अडवणारं त्यात कुणी नव्हतं.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. तिथं पोरांना फोन ठेवू देत नव्हते. पोस्टमन वस्तीत आला तेव्हा छबुबाई दारातच होती. तिनं हात पुढं केला. पाकिटावर नाव होतं, मोहिनी भारत पाटोळे. पोस्टमननं ते वाचून दाखवलं. छबुबाईनं ते स्वतःही वाचलं, आणि हात मागं घेतला.

मोहिनी शेतातून आली. तिनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, वास घेतला. छबुबाई चुलीपाशी बसून वाट बघत होती. आता ती फोडेल आणि वाचायला देईल.

"आत्याबाई," मोहिनी म्हणाली, "तुमी वाचू नका."

"बरं. भारत वाचंल."

"त्येंनी बी न्हाई." तिनं पाकिटावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "तिनं माझं नाव घातलंय. मला येत न्हाई हे तिला ठावं हाय, तरी घातलंय. मला शिकवा तुमी. मी वाचते."

"आगं, म्हैने लागतेल. त्यात काय आसंल कुणाला ठावं. दुखतंखुपतं आसंल पोरीला."

"दुखत आसंल तर सरांना फोन केला आसता." मोहिनीनं पदराला हात पुसले. "कवा बसायचं सांगा."

तेव्हापासून रोज दुपारी, रानातून आल्यावर, रूथा झोपली की दोघी पत्र्याच्या खोलीत बसायच्या. छबुबाईनं तिला शिकवलं तसंच, जसं ती स्वतः शिकली होती. आधी नावं. रूथ. मरिया. मग पाणी, मीठ, दिवा. मोहिनीची बोटं मोळ्या बांधून राठ झालेली. पेन्सिल ती कोयत्यासारखी मुठीत धरायची. चुकलं की स्वतःवरच चिडायची, पान फाडायची, दुसऱ्या दिवशी परत यायची. रविवारी ती पोरांच्या ओळीत शेवटी बसायची, आणि पोरं हसली तरी उठायची नाही. काना यायला आठ दिवस लागले. वेलांटी पहिली का दुसरी, यात महिना गेला. एक दिवस ती शेतावरून येताना सुंदरबाईच्या हातातल्या पिशवीवरचा शब्द वाचून आली. घरात शिरता शिरता म्हणाली, "साखर," आणि पाणी प्यायली.

पत्र ती रोज पदराआडून काढायची. तळहातानं सगळं झाकून फक्त वरचा एक शब्द उघडा ठेवायची. छबुबाई समोर बसलेली असायची. तिला उलटं वाचता येत होतं. हात जरा हलला असता तर सगळं कळलं असतं. पोरगी तिथं रमली का, तिथले सर कसे आहेत, आजीची आठवण काढली का. त्या एका कागदासाठी तिचा जीव नुसता ओढ घ्यायचा. पण ती मान खाली घालून रूथाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायची.

पुन्हा दसरा झाला. लखन मुकादम येऊन गेला. गाडी तीन दिवसांवर आली. रूथा आता पळत होती, पण तिला धरायला माणूस लागणारच होतं, आणि छबुबाईनं गोधडी बांधायला घेतली होती. मोहिनी तिच्यापुढं येऊन बसली. कागद तिनं मांडीवर पसरला आणि पहिल्या ओळीखाली तळहात ठेवला.

"आई," तिनं वाचलं. मग श्वास घेतला. "इ... इथं... स... सका... सकाळी..."

छबुबाईनं गाठ मारायची थांबवली.

"पा-च-ला. पाचला. उठ... उठवतात." मोहिनीनं ओठ ओले केले. कपाळावर घाम आला होता. "ते... व्हा. तेव्हा तू... पण... उठले... उठलेली... अस... असशील. असं... मला... वाटतं."

तिनं ते पुन्हा वाचलं, पहिल्यापासून, थोडं जलद. तिसऱ्यांदा वाचताना ती एकदाच अडखळली. बाहेर रूथा कोंबडीमागं धावत होती.

मग मोहिनीनं नाक पुसलं आणि तळहात एक ओळ खाली सरकवला. छबुबाईनं डोळे मिटून घेतले आणि ती सुनेच्या आवाजाची वाट बघत बसली.